डेस्कटॉप भंगारात काढण्याआधी तापमान तपासा

संपादक महोदय,

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपल्यापासून शाळा आणि कार्यालयांतले आठ-दहा वर्षांचे डेस्कटॉप निर्लेखित करण्याची घाई दिसते. त्यांतल्या बऱ्याच यंत्रांचे दुखणे धूळ आणि प्रोसेसरवरची सुकलेली थर्मल पेस्ट (उष्णता बाहेर नेणारा लेप) एवढेच असते.

संगणक हँग होतो म्हटले की पहिला उपाय फॉरमॅट. तापणाऱ्या यंत्राला त्याचा काडीचा उपयोग नाही. इंटेलच्या चौथ्या पिढीचा आय३ किंवा आय५ प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास गेला की स्वतःच वेग उतरवतो, आणि तरीही तापत राहिला तर यंत्र बंद होते. एचडब्ल्यूमॉनिटरसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये हा आकडा दिसतो. काम नसताना ३५ ते ५० आणि भर कामात ८०च्या आत असेल तर चिंता नको. खोली दहा अंशांनी तापली की प्रोसेसरही जवळपास तेवढाच चढतो. त्यामुळे जानेवारीत निभावून नेणारे यंत्र मे महिन्यात विदर्भात मान टाकते, त्यातून कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबलेले असेल तर बघायलाच नको.

यंत्र केव्हा बंद पडते यावर निदान ठरते. सुरू केल्यावर एक-दोन मिनिटांत बंद, लगेच पुन्हा लावले तर त्याहून लवकर बंद, म्हणजे हीटसिंकची (प्रोसेसरवर बसवलेल्या, उष्णता शोषणाऱ्या धातूच्या ठोकळ्याची) पिन सुटली आहे किंवा फॅन फिरत नाही. तापमान साठ-पासष्ट असतानाच कामाचा ताण येताच झटक्यात बंद होत असेल तर संशय एसएमपीएसवर, म्हणजे यंत्राला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, घ्यावा. त्याची १२ व्होल्टची लाइन ११.४च्या खाली जाता कामा नये. तारीख-वेळ सारखी मागे जात असेल तर फक्त बोर्डावरचा सीआर२०३२ हा बटणासारखा सेल बदला.

सफाईआधी वायर काढून पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरावे. ब्लोअर मारताना फॅनचे पाते बोटाने अडवा, नाहीतर तो भन्नाट फिरून बेअरिंग खराब होते. फॅन आणि हीटसिंकच्या पात्यांमध्ये नमद्यासारखा थर बसलेला असतो. तो वरून दिसत नाही, फॅन उचलला की दिसतो. हीटसिंक काढायचा असेल तर वायर काढण्याआधीच यंत्र पाच-दहा मिनिटे चालवावे, म्हणजे पेस्ट मऊ होते. इंटेलच्या चार प्लास्टिक पिना बाणाच्या दिशेने पाव फेरा फिरवल्या की सुटतात. एएमडीच्या जुन्या सॉकेटवर हीटसिंक सरळ वर ओढू नये, प्रोसेसर त्याला चिकटून उपटून येतो आणि पिना वाकतात. आधी डावी-उजवीकडे हलकेच फिरवून सैल करावा. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी मधोमध वाटाण्याएवढी लावावी. जास्त लावल्याने थंडावा वाढत नाही. पिना आधी उलट फिरवून जागेवर आणायच्या, मग समोरासमोरच्या जोडीने दाबायच्या. बोर्डाच्या मागून पाहिल्यावर पिनांच्या चारही पांढऱ्या टाचांत काळी खुंटी शिरलेली दिसली पाहिजे. एकीत जरी ती नसली तर सगळी मेहनत वाया.

हे झाल्यावरच खर्चाकडे वळावे, आणि पहिला खर्च एसएसडीचा, म्हणजे जुन्या हार्ड डिस्कऐवजी बसणाऱ्या वेगवान डिस्कचा. साटा या नेहमीच्या डिस्क-केबलवर चालणारी अडीच इंची एसएसडी पुरते. चौथ्या पिढीच्या प्रोसेसरसाठीच्या एच८१ मदरबोर्डावर ६ गिगाबिटची पोर्ट दोनच असतात, ती त्यांतल्या एकाला जोडावी. बायोसमध्ये (यंत्र सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) साटा मोड जुना आयडीई असेल तर नवा एएचसीआय करून मगच विंडोज टाका. नंतर बदलला की निळा एरर स्क्रीन हमखास. या बोर्डांना डीडीआर३ रॅम लागते. डीडीआर४ची खाच वेगळी असल्याने ती बसतच नाही. आठ जीबीची पट्टी संशयास्पद स्वस्त मिळत असेल तर वर ‘फक्त एएमडीसाठी’ असे लिहिले आहे का बघा, इंटेल बोर्डावर ती चालणार नाही. ग्राफिक्स कार्ड मात्र एसएमपीएस तपासल्याशिवाय बसवू नये. स्वस्तातल्या एसएमपीएसवर छापलेले ४५० वॅट म्हणजे प्रत्यक्षात ४५० वॅट नव्हेत.

विंडोज ११ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते, म्हणून ही यंत्रे अधिकृतपणे तिथे जात नाहीत. टायपिंग, ब्राउझर आणि शाळेच्या लॅबसाठी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम व्यवस्थित चालते. पतसंस्थेच्या व्यवहारांचे यंत्र असेल तर अपडेट बंद झालेले विंडोज ठेवणे धोक्याचे, ते यंत्र बदलावेच. बाकीच्या यंत्रांच्या निर्लेखन प्रस्तावाला किमान प्रोसेसरचे तापमान आणि एसएमपीएसच्या व्होल्टेजची लेखी नोंद जोडण्याची अट संस्थाचालकांनी घालावी.

एक संगणक तंत्रज्ञ, अकोला