ज्वारीची बीअर, नान-खलिया आणि आपले शहर

आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज आणि चिकलठाणा औद्योगिक वसाहतींतल्या कारखान्यांतली बीअर देशभर जाते. पण वेरूळ-अजिंठा पाहून संध्याकाळी शहरात परतणाऱ्या पाहुण्याला इथल्या मातीची चव असलेली बीअर सहज मिळावी, असे मनापासून वाटते. जालन्याच्या दगडी ज्वारीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ज्वारीला मोड आणून, वाळवून, भाजून माल्ट करता येतो. आफ्रिकेत ज्वारीची बीअर पिढ्यान्‌पिढ्या बनते. मग आपल्याकडे लहान मद्यनिर्मात्यांनी हा प्रयोग का करू नये? जोडीला मराठवाड्याची मोसंबी आहेच.

आणि खाणे! जुन्या शहरातल्या भट्टीवर एकदा उभे राहून पाहा. नान तंदूरमधून निघाला की त्यावर हळद-गुळाचे पाणी फिरवतात, कडा पिवळ्याधमक होतात. तो खलियाच्या, म्हणजे मसालेदार मटणाच्या रश्श्याच्या, तर्रीत बुडवून खाल्ल्यावर पाहुणा या शहराला विसरणार नाही. शेवटी गरम इमरती हवीच. पर्यटन विभागाने माहितीपत्रकात लेण्यांइतकीच जागा या गल्ल्यांना द्यावी.

पाण्याचे मात्र आधी बोलायला हवे. 2016 च्या दुष्काळात औरंगाबाद खंडपीठाला मद्य कारखान्यांच्या पाण्यात कपातीचा आदेश द्यावा लागला होता. त्यामुळे नव्या छोट्या उद्योगांना परवाना देताना सांडपाण्याच्या पुनर्वापराची अट घालावी आणि ज्वारी थेट शेतकरी गटांकडून घेणाऱ्यांना शुल्कात सवलत द्यावी.

– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर