वेल्डिंग सोडलेलं नाही

ती. आई आणि अण्णा, सा. न.

अण्णा, परवा माझ्या कुस्तीवरून, काम सोडलं का म्हणून तुम्ही विचारलंत आणि फोन मी मधेच ठेवला ते मनाला लागून राहिलंय म्हणून नीट बसून लिहितोय. मी ठणठणीत आहे, व्हिडिओ कॉलवर डोळ्याखाली काळं दिसलं तो मार नव्हता, झोप झाली नव्हती एवढंच. आईला तसं सांगा.

आणि वेल्डिंग सोडलेलं नाही! सोमवार ते शुक्रवार वर्कशॉप चालूच आहे. या कुस्तीवाल्यांची, म्हणजे टीव्हीवर डब्ल्यूडब्ल्यूईत दाखवतात तसली रिंगमधली कुस्ती करणाऱ्यांची, ओळखच मुळी कामातून झाली, त्यांच्या रिंगच्या फ्रेमला तडा गेलेला, जोडायला आमच्याकडे आणली. मला वाटायचं खाली जाड गादी असेल, तर लोखंडी बीम, त्यावर प्लायवूड, त्यावर बोटभर फोम आणि वर कॅनव्हास, बास. तुम्ही म्हणता खोटी कुस्ती. कोण जिंकणार ते आधी ठरतं, मान्य, पण पाठ त्या प्लायवूडवर खरीच आपटते. पहिले तीन महिने मला नुसतं पडायला शिकवलं. हनुवटी छातीला लावायची म्हणजे डोकं आपटत नाही, श्वास सोडायचा, आणि दोन्ही हात तळव्यासकट बाजूला फाडकन आपटायचे म्हणजे दणका एका जागी न बसता पसरतो. दुखतं, नाही म्हणत नाही, पण जपून करतो.

एक गोष्ट मला सुरुवातीला कळेचना. ड्रेसिंग रूममध्ये गेलं की आधी प्रत्येकाशी हात मिळवायचा. ओळखीचा असो नसो, रेफ्री असो की खुर्च्या लावणारा पोरगा, एकही सुटला नाही पाहिजे, सुटला तर उर्मट समजतात. आणि हात दाबायचा नाही! अगदी हलका, पिसासारखा. मी पहिल्या दिवशी सवयीने घट्ट धरला तर एका जुन्या पैलवानाने माझ्याकडे बघितलं आणि हात तसाच हळूच सोडवून घेतला. नंतर त्यानेच समजावलं, हलका हात म्हणजे हा माणूस रिंगमध्येही हलक्या हाताने काम करतो, समोरच्याला दुखापत करणार नाही. कारण उचलून टाकताना त्याची मान माझ्या हातात असते आणि माझी त्याच्या. आई, मी कोणाच्या हातात मान देतो ते बघूनच देतो गं.

वयाचं म्हणाल तर अमेरिकेतला डायमंड डॅलस पेज नावाचा पैलवान पस्तिशीत रिंगमध्ये उतरला आणि 1999 मध्ये चॅम्पियन झाला. खली आधी खडी फोडायचा, मग पंजाब पोलिसात लागला, आणि 2007 मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईचा वर्ल्ड हेवीवेट चॅम्पियन. माझं तेवढं होईल असं म्हणत नाही, पण अंगमेहनतीच्या माणसाला ही वाट बंद नाही एवढंच सांगतोय.

पैसे पाठवलेत, या वेळी कमी आहेत, ट्रेनिंगची फी आणि बूट घेतले, पुढच्या महिन्यात ओव्हरटाइम करून भरून काढतो. धाकटीच्या लग्नाच्या पैशाला हात लावलेला नाही. माझ्या स्थळाचं, मुलीकडच्यांना वेल्डर एवढंच सांगितलंय ना, कुस्तीचंही सांगून टाका, त्यांना नंतर दुसऱ्याकडून कळायला नको. नकार आला तर येऊ दे, पण आई, तू मनाला लावून घेऊ नकोस.

आणि अण्णा, धाकटीच्या साखरपुड्याला सुट्टी मिळाली नाही असं मी सांगितलं होतं. सुट्टी मिळत होती. त्या शनिवारी माझी पहिली मॅच होती. तिला मीच सांगेन, तुम्ही आत्ता काही बोलू नका.

तुमचा,
बाळू