नदीकडच्या उतारावर लॉनऐवजी वाळा (खस गवत) लावण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापकीय समिती

स.न.वि.वि.

मुठा नदीकडच्या आपल्या उतारावर लॉन आणि पेव्हर ब्लॉक बसवण्याचे कोटेशन नोटीस बोर्डावर वाचले. फोटोत छान दिसते, हे मान्य. पण तो पट्टा निळ्या पूररेषेच्या आत आहे, म्हणजे सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या पाण्यात जाणारा. लॉनची मुळे वरवरची असतात. खडकवासला धरणाचा विसर्ग वाढला की हिरवळ मातीसकट उचकटते. ब्लॉकखालची कच वाहून जाते आणि ब्लॉक खचतात. लॉनला मारलेला युरिया पहिल्या पावसात नदीत उतरून जलपर्णी पोसणार, ते वेगळेच.

तिथे खोल मुळांचा, माती धरून ठेवणारा वाळा लावावा. ओळी उताराला आडव्या, गवंड्याच्या लेव्हल ट्यूबने समपातळीत आखलेल्या. दोन ओळींमध्ये उंचीचा फरक साधारण 1 मीटर. पाती 20 सेंमीवर छाटून दोन-तीन फुटव्यांचा एकेक ठोंब 10 ते 15 सेंमीवर लावायचा. माळी इथेच काटकसर करतात आणि अंतर फूटभर ठेवतात. मग पाणी नेमके त्या फटीतून घुसते आणि घळ पाडते. मेलेल्या ठोंबाची जागाही म्हणूनच लगेच भरायला हवी.

ओळींच्या मधे निर्गुडी, पाण्यालगतच्या गोट्यांत शेरणी (नदीकाठचे झुडूप). ती पुरात वाकते, मोडत नाही. करंज आणि अर्जुन वरच्या काठावर. उंबर ड्रेनेज चेंबरजवळ अजिबात नको, मुळे पाइपात शिरतात.

सी विंगच्या गच्चीचे पाणी सध्या थेट उतारावर पडते. 100 चौ.मी. गच्चीवर 25 मिमी पाऊस म्हणजे 2,500 लिटर पाणी. तेवढ्यासाठी 10 चौ.मी.चा, 25 सेंमी खोल, पाणी जिरवणारा वाफा पुरतो. जागा इमारतीच्या पायापासून किमान 3 मीटर दूर हवी, आणि उताराच्या अगदी कडेलाही नको. झिरपणारे पाणी कड ढिली करते. आधी फूटभर खड्डा खणून दोनदा पाण्याने भरून पाहावा. दुसऱ्या वेळचे पाणी 24 तासांत जिरले नाही, तर काळी माती काढून वाळूमिश्रित माती भरावी लागेल, नाहीतर डासांची पैदास ठरलेली. जादा पाण्यासाठी दगडी सांडवा ठेवावा.

ठोंब मे महिन्यातच सांगून ठेवावे लागतील. जूनच्या पहिल्या पावसात लागवड झाली, तरच विसर्ग सुरू होण्याआधी मुळे धरतील. येत्या मासिक सभेत हा विषय घ्यावा आणि तोपर्यंत लॉनच्या ठेकेदाराला आगाऊ रक्कम देऊ नये, ही विनंती.

कळावे,
एक सभासद, सी विंग