तापाचा अर्ज

नागपूर, रविवार

तीर्थरूप बाबा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर माझा आवाज चढला, त्याचं वाईट वाटतंय. बाबा, तुम्ही "पोरीले मोर्च्यात काहून पाठवलं?" एवढंच विचारलंत आणि मी रागानं फोन ठेवून दिला. फोनवर माझं सगळं सांगून होत नाही, म्हणून लिहायला बसले.

शाळेच्या रस्त्यावरचे कडुनिंब रुंदीकरणात जाणार हे कळल्यापासून नववीच्या पोरांमध्ये चुळबुळ सुरू होती. गुरुवारी रात्री तुमच्या नातीनं मला सांगितलं की उद्या आम्ही वर्ग सोडून संविधान चौकात उभे राहणार. कूलरच्या खोक्याचा पुठ्ठा कापून तिनं फलक केला, 'मे महिन्यात सावली कुठून आणाल?' स्केचपेनची शाई संपत आली होती, त्यामुळे शेवटचा शब्द पेन्सिलीनं गिरवून भरला. मी पाण्याची बाटली दिली, फुटपाथ सोडायचा नाही म्हणून बजावलं, आणि डायरीत लिहिलं, 'माझी मुलगी उद्या झाडं वाचवण्यासाठीच्या निदर्शनाला जात असल्यामुळे गैरहजर राहील. बुडालेला अभ्यास ती भरून काढेल.' खाली सही केली.

सोमवारी डायरी परत आली ती लाल शाईचा शेरा घेऊन, 'गंभीर बेशिस्त'. पाच दिवस शाळेत यायचं नाही, अंतर्गत गुण कापणार, आणि परिपाठाला सगळ्या शाळेसमोर माफीनामा वाचायचा. मी वर्गशिक्षिकेला फोन लावला. त्या बिचाऱ्या आवाज खाली करून म्हणाल्या, "ताई, ताप होता असं लिहिलं असतं, तर कोणी विचारलंही नसतं."

बाबा, त्या वाक्यानं माझी झोप उडाली आहे. मी पाचवीत होते, वरुडला मामाचं लग्न होतं, आठवतं? तीन दिवस शाळा बुडणार होती. आई म्हणाली, लिहून टाका ताप होता म्हणून, कोण बघतंय. तुम्ही फुलस्केप कागद काढला आणि तुमच्या त्या ठसठशीत अक्षरात लिहिलंत, 'मामाच्या लग्नानिमित्त'. गुरुजींची पोरगी खोटा अर्ज नेणार नाही, म्हणालात. हेडमास्तरांनी सही केली, हजेरीपटावर तीन दिवस 'गै' लागला, राहिलेली गणितं मी मैत्रिणीच्या वहीतून उतरवली. विषय तिथेच संपला.

माझं म्हणणं एवढंच आहे. माझ्या लेकीलाही 'गै' लावा. ७५ टक्के हजेरीच्या हिशेबात तो दिवस धरा. त्या दिवशी चाचणी असेल तर ती बुडाली, पुन्हा घ्या म्हणून मी भांडायला जाणार नाही. वर्ग सोडायचा तर त्याची किंमत मोजावी, हे तिलाही मान्य आहे. पण लग्नाला गेलेल्या पोराला 'गै' आणि झाडासाठी उभ्या राहिलेल्या पोरीला पाच दिवस घरी, असं झालं की ती शिक्षा बुडालेल्या तासाची उरत नाही. ती तिच्या बोलण्याची होते, आणि खरं कारण लिहिल्याची होते.

तुम्हाला हे मी काय समजावू? १९७७-७८ च्या सरकारी कर्मचारी-शिक्षकांच्या ५४ दिवसांच्या संपात तुम्ही होतात. नोकरी नवी होती, घरात आजोबांचं आजारपण होतं. तुम्हीच सांगायचात, काम नाही केलं तर पगार कापा, तो त्यांचा हक्क आहे, पण संप केला म्हणून कोणाचा सूड घ्याल तर ते चालणार नाही. मग नववीच्या पोरीला वेगळा न्याय का?

कोर्टानंही काही गोष्टी सांगून ठेवल्या आहेत. केरळमधली तीन भावंडं राष्ट्रगीताला आदरानं उभी राहायची, पण धर्मश्रद्धेमुळे गात नसत. शाळेनं काढून टाकलं. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना परत घ्यायला लावलं. अर्थात ती मुलं शाळेतच होती, माझी लेक वर्ग सोडून गेली. हा फरक मी लपवत नाही. म्हणून तर म्हणते, गैरहजेरी लावा. पण सगळ्यांसमोर माफी वाचायला लावणं कशासाठी? शिक्षणहक्क कायदा आठवीपर्यंतच्या मुलांसाठी असला, तरी त्याच्या १७ व्या कलमात मारण्याबरोबर मानसिक छळालाही बंदी आहे, आणि चौदा वर्षांच्या पोरीला सातशे पोरांपुढे 'मी चुकले' म्हणायला लावणं हा छळच आहे.

आई, तू फोनवर काही बोलली नाहीस, पण तुझं मन मला कळतं. तुला शिस्तीचं काही नाही, तुला गर्दीची भीती आहे. नोव्हेंबर १९९४ ची ती संध्याकाळ माझ्याही डोळ्यांपुढे आहे. इकडे नागपुरात गोवारी समाजाच्या मोर्च्यात चेंगराचेंगरी झाल्याची बातमी आली आणि तू हातातलं पीठ तसंच ठेवून रेडिओपाशी बसून राहिलीस. ११४ माणसं गेली, त्यात बाया आणि लेकरंच जास्त. झिरो माइलजवळच्या त्यांच्या स्मारकावरून जाताना मी अजूनही स्कूटी हळू करते. तुझी भीती खोटी नाही. म्हणूनच मी त्या दिवशी ऑफिसमधून अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि चौकाच्या पलीकडे उभी राहिले, तिला दिसणार नाही अशी. तेवीस पोरं होती. घोषणा देताना लाजत होती. एक पोलीसदादा त्यांना सावलीत सरका म्हणून सांगत होता. पण आई, पुढच्या वेळी ती मला न सांगता गेली तर? तापाचा अर्ज लिहायला शाळेनंच शिकवलं, तर मला कुठून कळणार ती कुठल्या चौकात उभी आहे?

गुरुवारी अकरा वाजता शाळेनं पालकांना बोलावलं आहे. माफीनामा ती वाचणार नाही, तिचं आणि माझं तसं ठरलं आहे. पाच दिवसांऐवजी एका दिवसाची गैरहजेरी लावा, असा अर्ज द्यायचा आहे. बाबा, गुडघा बरा असेल तर बुधवारी संध्याकाळच्या काटोल गाडीनं या. अर्ज तुमच्या हातचा हवा. फुलस्केप मी आणून ठेवला आहे.

आई, तुझ्या बीपीच्या गोळ्या संपत आल्या असतील, बाबांबरोबर चिठ्ठी पाठव, इथून घेऊन देते.

तुमची,
ताई