‘मुफासा’त काका छोटा झाला

महोदय,

दिवाळीच्या सुट्टीत लेकीची दोन्ही मुले आमच्याकडे राहायला होती. एका संध्याकाळी त्यांना १९९४ चा ‘द लायन किंग’ लावून दिला आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या आधीची गोष्ट सांगणारा २०२४ चा ‘मुफासा’. बत्तीस वर्षे पुण्यात चित्रकला शिकवल्यामुळे अशा चित्रपटांत माझे लक्ष गोष्टीइतकेच रेषेवर असते. तेव्हापासून जे मनात घोळते आहे, ते लिहिते.

‘मुफासा’ टाकाऊ मुळीच नाही. पुराचे दृश्य, भिजलेल्या आयाळीचा एकेक केस, सारे थक्क करणारे आहे. मुलांनी तो हिंदीत पाहिला, शाहरुख खानच्या आवाजात. मराठीत असता तर धाकट्याला अधिक कळला असता. पुरात वाहून आलेल्या मुफासा या पोरक्या छाव्याला सिंहांचा राजपुत्र टाका आपला भाऊ मानतो. टाकाचा बाप दोघांची शर्यत लावतो आणि मुफासाला ठेवून घेता यावे म्हणून टाका मुद्दाम हरतो. तिथे नातू टाळ्या वाजवत उठला. हाच टाका पुढे स्कार, म्हणजे ‘द लायन किंग’मध्ये मुफासाला मारणारा, त्याच्या छाव्याचा, सिम्बाचा, दुष्ट काका होणार हे ठाऊक असल्याने माझ्या पोटात मात्र कालवाकालव झाली. बाप त्याला कपट शिकवतो, आईवर हल्ला होताच तो पळून जातो, आणि आईला वाचवतो तो मुफासा. ती लाज पोराला आतून पोखरत गेली असे दाखवले असते, तर मी या चित्रपटाला हात जोडले असते.

पण मग साराबी ही सिंहीण येते, तिचे मन मुफासावर जडते आणि टाका रागाने शत्रूला जाऊन मिळतो. सिंहासनाची गोष्ट मागे पडते. शिवाय जुन्या चित्रपटातले भाऊ इथे मानलेले भाऊ झाले आहेत. शनिवारवाड्यावरून जाताना ‘काका, मला वाचवा’ ऐकत मोठे झालेल्या आपल्या मुलांना पुतण्याच्या जिवावर उठलेला काका वेगळा समजवावा लागत नाही. १७७३ साली नारायणरावांचा खून झाला त्यामागे गादी होती, घरातली भाऊबंदकी होती. ते सारे एका प्रेमभंगातून घडले असे कोणी सांगितले, तर आपल्याला पटेल का? १९९४ च्या स्कारला राज्य हवे होते आणि त्यासाठी त्याने भाऊ मारला. तो भीतिदायक वाटायला तेवढे पुरेसे होते.

दुसरी गोष्ट चेहऱ्याची. खऱ्या सिंहाला भुवया नसतात. संगणकाने सिंह जितका खरा केला, तितका टाकाचा चेहरा मुका झाला. त्याची लाज आपल्याला संवादातून कळते, तोंडावर दिसत नाही. आंद्रेआस देजा यांनी हाताने चितारलेला स्कार आठवा. हाडकुळा, काळ्या आयाळीचा, कायम नखे बाहेर काढलेला. कड्यावर लोंबकळणाऱ्या भावाच्या पंजांत तो तीच नखे रुतवतो. खाली धावणारा विल्डबीस्टचा (आफ्रिकेतल्या मोठ्या हरणांचा) कळप तेव्हाही संगणकावरच केला होता, पण ही नखे, मुफासाचे विस्फारलेले डोळे आणि नंतर बापाच्या निष्प्राण पंजाखाली शिरणारा सिम्बा हाताने काढलेले आहेत.

त्याआधीचा एक प्रसंग तर मी वर्गात कितीदा सांगितला असेल. हत्तींच्या सांगाड्यांमधून जीव वाचवून आल्यावर बाप रागाने हाक मारतो. सिम्बा मान खाली घालून निघतो आणि त्याचे पाऊल बापाच्या पावलाच्या ठशात पडते. तो थबकून खाली बघतो. भला मोठा ठसा, त्यात इवलासा पंजा. कोणी काही बोलत नाही.

‘मुफासा’ संपल्यावर नातीने विचारले, “आजी, टाकाने मध्ये पडून मुफासाला वाचवलं, तो घाव स्वतःवर घेतला. मग मोठेपणी त्यालाच का मारलं?” मला उत्तर देता आले नाही, आणि चित्रपटातही ते सापडले नाही.

पालकांनी दोन्ही चित्रपट जरूर दाखवावेत, पण आधी १९९४ चा. आता बऱ्याच शाळांत प्रोजेक्टर आहेत. कलाशिक्षकांनी एखाद्या तासाला तो पावलाच्या ठशाचा प्रसंग लावावा, नेमक्या त्या चौकटीवर थांबवावा आणि मुलांना चित्रकलेच्या वह्या काढायला सांगावे, एवढी विनंती.

– एक निवृत्त कलाशिक्षिका, कर्वेनगर, पुणे