मेलेलं शेवाळही उजेडाकडे चालायला लागलं तेव्हा

जळगाव,
२८ मे

प्रिय दिन्या,

काय भो, कसं शे? आखाजीला वहिनींनी बांधून दिलेले मांडे इथे पोचेपर्यंत एसटीत दुमडले गेले, पण आमरसात बुडवल्यावर कोण बघतंय! त्याच पिशवीत तुझ्या शेततळ्याच्या हिरव्या पाण्याची बाटलीही होती. आमच्या हिने ती फ्रीजमध्ये कैरीच्या पन्ह्याशेजारी ठेवली. वेळेवर माझं लक्ष गेलं म्हणून बरं, नाहीतर आज वेगळंच पत्र लिहावं लागलं असतं.

तू विचारलं होतंस, पहाटे वर हिरवी साय धरलेली असते ती भर दुपारी कुठे जाते? सांगतो. पण आधी माझी फजिती ऐक.

सेहेचाळिसाव्या वर्षी पीएच.डी.ला बसलोय हे तुला माहीत आहेच. विषय क्लॅमिडोमोनासची चाल. एकाच पेशीचा हिरवा जीव. मिलिमीटरमध्ये शंभर ओळीने बसतील एवढा. पुढे केसासारखे दोन हात. शास्त्रात त्यांना कशाभिका म्हणतात, पण मी हातच म्हणतो, कारण तो त्यांनी पोहतो. सेकंदाला पन्नासेक वेळा हात मारतो. मायक्रोस्कोपच्या आयपीसवर, म्हणजे डोळा लावायच्या भिंगावर, फोन बसवून सेकंदाला २४० चित्रं घेतो, तेव्हा एका हात मारण्याची कशीबशी चार-पाच चित्रं मिळतात.

मार्चपासून मी काचेच्या एका बाजूला टेबललॅम्प लावून मोजत होतो, किती पेशी उजेडाकडे जातात, किती वेगाने. दोनशेवर पेशींचे मार्ग वहीत उतरवले. जवळपास सगळ्या दिव्याकडे! खूश होऊन गाईडना दाखवायला निघालो. तेवढ्यात लॅबमधले अण्णा म्हणाले, "सर, ही तपकिरी कुठली?" आदल्या काचेवर मोजणीसाठी मी आयोडीनचा थेंब टाकून पेशी मारल्या होत्या, ती काच तशीच राहिली होती. अण्णांनी डोळा लावला आणि शांतपणे विचारलं, "मेलेली पण उजेडाकडे चालतात का?"

मी बघितलं. चालली होती. हात न हलवता, रांगेत, दिव्याकडे.

चूक साधी होती, दिन्या. बाहेर ४४ अंश, वर पंखा गरगरतोय, शेजारी तापलेला जुना पिवळा बल्ब. वरच्या पातळ काचेखालचं पाणी दिव्याच्या कडेने आधी वाळायचं. तिथली तूट भरायला मधलं पाणी तिकडे सरकायचं आणि त्यासोबत सगळ्या पेशी. आपल्या चारीत पाणी सोडल्यावर पालापाचोळा जातो तसं. मी तीन महिने बाष्पीभवन मोजत बसलो होतो. सगळी वही बाद. थंड गावात कदाचित हे कळायलाच वर्ष गेलं असतं, इथे उन्हाने निदान चूक ठळक करून दाखवली. आता काचेच्या चारही कडा व्हॅसलिनने बंद करतो, बल्ब काढून एलईडी लावलाय, आणि दर वेळी आधी मेलेल्या पेशींची चाल बघतो. त्या जागच्या जागी थरथरत राहिल्या तरच पुढे.

आणि आता जे दिसतं ना, त्यासाठी तुला खास लिहितोय. तुझ्या आप्पांनी आपल्याला विहिरीत पोहायला शिकवलं ते आठवतं? कमरेला भोपळा बांधून ढकलून द्यायचे. तू एक हात मारून पुढचं अंतर नुसता तरंगत कापायचास, मी मात्र धापा टाकत. हा जीव तसं कधीच करू शकत नाही. हात थांबले की तोही तिथेच थांबला, डोळ्याला दिसेल इतकंही पुढे जाणं नाही. त्याच्या आकाराला पाणी काकवीपेक्षा चिकट वाटतं, अंगातला वेग उरतच नाही. एडवर्ड पर्सेल या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये हे फार मजेत मांडलं. अशा पाण्यात हात ज्या वाटेने मागे नेला त्याच वाटेने पुढे आणला, तर तुम्ही होतात तिथेच परत येता. जाताना जोरात आणि येताना हळू, ही युक्तीसुद्धा चालत नाही. वाटच बदलावी लागते. म्हणून क्लॅमिडोमोनास हात ताठ पसरून पाणी मागे रेटतो आणि परत आणताना ते वाकवून अंगालगत सरकवतो. तरी परतताना थोडा मागे घसरतोच. दोन पावलं पुढे, एक मागे. आपल्या लोनच्या हप्त्यांसारखं.

उजेड कसा कळतो, तर अंगावर एका बाजूला केशरी ठिपका असतो, त्याला नेत्रबिंदू म्हणतात. पोहताना हा जीव सेकंदाला एक-दोन गिरक्या घेतो. लहानपणी अंगणात गरगर फिरताना ओसरीवरचा कंदील दर फेरीला एकदा डोळ्यांसमोरून जायचा ना? तसंच. थेट दिव्याकडे चालला असेल तर लुकलुक नाही, वाट चुकली की लुकलुक सुरू. मग एका हाताचा जोर कमी-जास्त करून तो तोंड वळवतो. तोंड, मेंदू काही नाही, तरी वळवतो!

लोक विचारतात, शेवाळ बघून काय मिळणार? तू विचारत नाहीस, पण तुझे काका हमखास विचारतील. त्यांना सांग, याच्या उजेड ओळखणाऱ्या प्रथिनाचा शोध २००२ मध्ये लागला, आणि २०२१ मध्ये अशाच शैवालापासून घेतलेल्या प्रथिनाच्या मदतीने एका दृष्टी गेलेल्या माणसाला खास चष्मा घालून टेबलावरची वही चाचपण्याआधी दिसली. पटणार नाही त्यांना. असो.

तुझ्या बाटलीत मात्र क्लॅमिडोमोनास थोडे, युग्लीना फार. लांबट, एकच शेपूट तेही पुढे, आणि अडचणीत सापडला की अळीसारखा आखडतो-फुगतो. मधूनच काचेच्या कवचातले डायटम, हात ना पाय, कवचाच्या फटीतून चिकट स्राव सोडून सरपटतात, थांबतात, उलटे येतात. भुसावळच्या यार्डातलं शंटिंग बघत बसावं तसा मी त्यांच्यात अर्धा तास घालवला. पीएच.डी.शी संबंध शून्य.

तर तुझी साय. युग्लीना अंधारातही वरच्या दिशेला पोहतो, म्हणून पहाटे सगळा पृष्ठभागावर. कोवळ्या उन्हाकडे तो जातो, पण ऊन सोसवेना झालं की तोंड फिरवून खाली पळतो. माझ्या काचेवरही दिवा जवळ आणला की हेच होतं. तेव्हा ती साय मरत नाही, खाली बुडी मारते. ठिबकच्या फिल्टरला तू दुपारी पाणी घेतोस म्हणून नळ्या चोक होत असतील का, असं मला वाटतंय. तुझा पाइप तळाजवळ आहे ना? पण एका बाटलीवरून मी असं छातीठोक बोलणार नाही. आत्ताच तोंडावर पडलोय.

म्हणून दोन बाटल्या पाठव. एक पहाटे वरून, एक दुपारी दोन वाजता पाइपच्या तोंडाशी. पाऊण भर, झाकण थोडं सैल ठेव, उन्हात ठेवू नकोस. भडगावहून सकाळच्या गाडीच्या कंडक्टरकडे दे, मी स्टँडवर येतो. आणि बाटल्यांवर वेळ मोठ्या अक्षरात लिही, म्हणजे पन्ह्याशेजारी गेल्या तरी ओळखता येतील.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
बाळू