लाल गाडीबद्दल, शेवटचं

मनू,

रविवारी फोन तू ठेवलास की मी, यावर आईचं नि माझं अजून एकमत नाही. ती म्हणते मीच. तू उचलत नाहीस म्हणून हे टाइप करतोय, एका बोटानं, तेव्हा चुकांना हसू नको आणि मधेच सोडून देऊ नको.

पहिलं सांगायचं होतं ते हे की तू स्वतःच्या पगारातनं ही जुनी लाल गाडी घेतीयस याचा मला लय आनंद झालाय. फोनवर ते राहूनच गेलं आणि मी डायरेक्ट एमएच 10 वरनं, म्हणजे तिच्या सांगली पासिंगवरनं सुरू झालो. संजूकाकाला मात्र त्याच दिवशी सांगून आलो, साडेचार लाखाची, कर्ज निम्मंच, बाकी तिनं साठवलेत. संध्याकाळी परत सांगायला गेलो तर म्हणाला, अण्णा सकाळी सांगितलंत की.

गाडी तुझी, पैसे तुझे. मी आता बोलणार नाही. फक्त एवढंच की कलर आणि टचस्क्रीन बघून घेऊ नको. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक होऊ न देणारं, सगळ्या गाड्यांना एप्रिल 2019 पासनं कंपल्सरी झालं, ड्रायव्हरची एअरबॅग त्याच वर्षी जुलैपासनं, आणि पुढच्या दोन्ही एअरबॅग सगळ्यांना 2022 पासनं. म्हणजे 2018 ची घेताना ते व्हेरियंट कुठलं, त्यात नक्की काय काय आहे हे आपणच तपासायचं, विकणारा "टॉप मॉडेल आहे ताई" म्हणाला म्हणून धरून चालायचं नाही. गाडी आपटवून सुरक्षेचे स्टार देणारं आपलं भारत एनकॅप 2023 च्या ऑक्टोबरपासनं सुरू झालं, त्यामुळं जुन्या गाडीला ग्लोबल एनकॅपचेच स्टार बघायचे. टियागोला 2020 मध्ये मोठ्यांसाठी 4 मिळालेत, अल्ट्रोझला 5. त्या बसतील का तुझ्या पैशात बघ. लाल पण मिळतात.

बघ, लेक्चर झालंच. सॉरी.

आता पाण्याचं. तू म्हणलीस, "पप्पा, तुम्हाला सगळीकडं पाणीच दिसतं." खरंय. पण 2018 ची सांगली पासिंगची गाडी, फर्स्ट ओनर, 31 हजार किलोमीटर, म्हणजे 2019 चा ऑगस्ट आणि 2021 चा जुलै, दोन्ही महापूर तिनं इथं काढले असणार. आणि विकायला पुण्यात वाकडला का? इथं गिऱ्हाइकं संपली का? तू म्हणलीस आरसीवर पत्ता कुपवाडचा आहे, तिथं पाणी येत नाही. अगं गाडी आरसीवर राहते का, मालकाची सासुरवाडी पाण्यात जाणाऱ्या मारुती चौकात असली म्हणजे?

तुला वाटतंय मी इंजिनचं म्हणतोय. इंजिन धुऊन मिळतं, कार्पेट नवीन टाकतात, अत्तर मारतात, गाडी फोटोत नव्यासारखी. पण एअरबॅग कधी फोडायची हे ठरवणारा जो डबा असतो तो बऱ्याच गाड्यांत खालीच, दोन सीटच्या मधे, गिअरच्या आसपास असतो. पाणी आत शिरलं की पहिलं तिथंच. मग स्टार पाच असू देत नाहीतर पन्नास, वेळेला ती बॅग उघडेल का नाही कुणी सांगावं. म्हणून किल्ली अर्धी फिरवली की मीटरमधला एअरबॅगचा लाल दिवा लागला पाहिजे आणि थोड्या सेकंदांत विझला पाहिजे. विझला नाही तर बिघाड. आणि लागलाच नाही तर जास्त वाईट, दिवाच काढून ठेवलेला असू शकतो.

सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघ, पार आतला गुंडाळलेला भाग बाहेर येईपर्यंत, तिथली गाळाची रेघ धुवायचं कुणाच्या ध्यानात येत नाही. स्टेपनी उचलून खाली बोट फिरव. सीटखालच्या पट्ट्यांना गंज आहे का बघ. नंबरावरनं कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला हिस्ट्री विचार, इन्शुरन्सचा क्लेम झालाय का विचार.

हे सगळं मला कसं माहीत असं तू विचारलं नाहीस, पण तुला तरी सांगायला पाहिजे.

आपल्या चंदेरी गाडीचं तुला एवढंच माहीत की 2019 च्या पुरात गेली. तू तेव्हा पुण्यात होतीस, हॉस्टेलवर. गावभागातल्या घराच्या भिंतीवर 2005 च्या पाण्याची खूण होती ना, मी म्हणलं चौथऱ्यावर लावली की गाडी त्या खुणेच्या वर राहते, एवढं बास. शेजारचे सगळे गाड्या मिरजेकडं नेत होते आणि मी त्यांना खूण दाखवत होतो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं. वरच्या मजल्यावरनं पहिल्या दिवशी टप दिसत होता, दुसऱ्या दिवशी नुसतं पाणी. तुझ्या आजीचा कॉट आणि त्या गाडीवरनं आई मला अजून बोलते, बरोबरच आहे.

इन्शुरन्स फक्त थर्ड पार्टी होता. जुन्या गाडीला फुल कशाला म्हणून थोडे पैसे वाचवले होते. थर्ड पार्टीत आपल्या गाडीचं काहीच मिळत नाही. तू फुल घे, आणि इंजिन प्रोटेक्शन पण घे, आणि पाण्यात गाडी बंद पडली तर परत किल्ली मारू नको, त्यानंच इंजिन जातं आणि साध्या पॉलिसीत तो क्लेम मंजूर होत नाही.

तर एक एजंट आला टोइंगवाला घेऊन. 55 हजार देतो म्हणाला. मी म्हणलं भंगारात ना? तो हसला नुसता. मी परत विचारलं नाही. घर उभं करायचं होतं, भिंती ओल्या, तुझी फी भरायची होती, मी पैसे मोजून घेतले आणि गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या 29, 30 नंबरच्या फॉर्मवर सह्या केल्या.

परवा तुझ्या लाल गाडीचा नंबर एमपरिवहनवर, त्या सरकारी ॲपवर, टाकून बघितला आणि मग आपला जुना टाकला. अजून पाठ आहे. इन्शुरन्स चालू दाखवतंय. म्हणजे कुणीतरी चालवतंय मनू. कुठल्या गावात, कोण, त्याला कुणी सांगितलं का, काय माहीत. त्या रात्री झोप नाही लागली आणि दुसऱ्या दिवशी तुला फोन केला तो तसा केला. तुझ्यावर आवाज चढवायला नको होता.

गाडी चालवण्याची मला काळजी नाही. कुपवाड एमआयडीसीत रविवारी शिकवलं तेव्हा तिसऱ्याच दिवशी तू रिव्हर्स माझ्यापेक्षा सरळ घेत होतीस. फक्त पेठ नाक्यापासनं पुढं रात्रीची येऊ नको, सीझनमध्ये उसाच्या ट्रॉल्या असतात, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर निघायचं डोक्यातनं काढ, शनिवारी पहाटे निघ. हे पण लेक्चरच. असू दे.

शनिवारी मी सकाळच्या एसटीनं येतोय. स्वारगेटला न्यायला येऊ नको. टॉर्च घेतलाय, आई भडंग देतीय. मालकाला दुपारची वेळ दे, म्हणजे उजेड असेल, आणि आपण यायच्या आधी गाडी सुरू करू नका म्हणून सांग. तोवर टोकन देऊ नको. बघून चांगली निघाली तर मी एक शब्द बोलणार नाही, ट्रान्सफरच्या कागदांपुरतं सोडून.

आणि मालकासमोर सीटबेल्ट पूर्ण ओढायची लाज वाटत असेल तर तू बाजूला थांब, मी ओढतो.

पप्पा